आठ कोअर घेतले, तरी पानं रांगतातच का?

अंबाजोगाईहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या एका जुन्या वाचनालयाचं काम बघतात. जुन्या मासिकांची आणि हस्तपुस्तिकांची १२,००० पानं स्कॅन करून झाली आहेत आणि आता टेसरॅक्ट वापरून त्यांचं ओसीआर करायचं आहे, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात आणायची आहेत. देणगीतून आठ कोअर, सोळा थ्रेडचं नवं मशीन घेतलं (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला राबणारा भाग, थ्रेड म्हणजे त्यावर चालणारा कामाचा एक धागा), त्यावर उबुंटू हे लिनक्सचं रूप टाकलं. जुन्या मशीनवर एका पानाला २५ सेकंद लागायचे, नव्यावर २० लागतात. कोण किती राबतंय ते दाखवणाऱ्या एचटॉप या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक थ्रेडची एक अशा सोळा पट्ट्या दिसतात, त्यांतल्या चार भरलेल्या आणि बारा रिकाम्या. पानं सरळ करायला भाच्यानं पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहून दिलाय, तो तर एकच पट्टी भरतो. दुकानदार म्हणतो, "फुकटच्या सॉफ्टवेअरला मल्टी-कोअर झेपत नाही, लायसन्सवालं घ्या." कार्यकारिणीतले एक सभासद म्हणतात, मशीनच परत करा. यातलं खरं काय, असं त्यांनी विचारलंय.

ताई, दुकानदाराचं चुकलंय, पण तुम्हाला पडद्यावर जे दिसतंय तेही खरं आहे. मशीन परत करू नका. तुमचं काम तीन दिवसांवरून एका रात्रीवर येऊ शकतं आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च नाही.

आधी दुकानदाराचं बघू. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. त्यांतल्या कितीतरींत लाखांनी कोअर असतात. तेवढं लांब कशाला जायचं, त्या दुकानदाराच्या खिशातला आठ कोअरचा अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, चालतो. तेव्हा "झेपत नाही" हे काही पटणारं नाही. मात्र कर्नलला आठ कोअर सांभाळता येतात म्हणजे त्याच्यावर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम आठही कोअर वापरेल, असं नसतं. घरात आठ माणसं आहेत म्हणून एक पत्र आठ जण मिळून लिहीत नाहीत.

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. सोयाबीनच्या हंगामात मी शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचो. माल वाढला की मालक जादा हमाल लावायचे. चाराचे आठ केले की गाड्या झपाट्यानं खाली व्हायच्या, पण तास-दोन तासांनी बघावं तर सगळे पोती पाठीवर घेऊन काट्यापाशी रांगेत उभे. काटा एकच. वजन करून, चिठ्ठी लिहून झाल्याशिवाय पोतं पुढं सरकणार नाही. अजून आठ हमाल आणले असते तर रांग लांबली असती, एवढंच. मल्टी-कोअरच्या कामात मी वीस वर्षं जे करत आलोय ते मुख्यतः हेच: काटा कुठं आहे ते शोधायचं.

याचं गणितही आहे. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेलं, म्हणून त्याला अॅमडालचा नियम म्हणतात. समजा १०० मिनिटांच्या कामातली १० मिनिटं काट्यावरची आहेत आणि ९० मिनिटं वाटून देता येतात. आठ हमाल लावले तर १० अधिक ९० भागिले ८, म्हणजे साधारण २१ मिनिटं. आठ माणसं लावून वेग पावणेपाच पट. सोळा लावले तर साडेसहा पटीहूनही थोडा कमी. आणि हमालांची फौज उभी केली तरी दहा पटीच्या पुढं जाणं नाही, कारण काट्याची १० मिनिटं कोणालाच वाटून देता येत नाहीत. निम्मं काम काट्यावरचं असेल तर आठ कोअर घेऊनही दुप्पट वेग मिळत नाही. "आठ कोअर, आठ पट" असं कोणी म्हणालं तर ते खरं नसतं, ते त्यामुळं.

आता तुमच्या चार पट्ट्या. टेसरॅक्ट हे मूळचं एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडलेलं सॉफ्टवेअर, २००५ मध्ये ते खुलं झालं. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्कवर चालणारं नवं इंजिन आहे आणि आपली मराठी त्याच इंजिनामुळं बरी वाचली जाते. हे इंजिन एका ओळीचं गणित ओपनएमपी नावाच्या सोयीनं चार थ्रेडपर्यंत वाटतं. हा चारचा आकडा त्याच्या कोडमध्येच लिहिलेला आहे, कोणालाही उघडून वाचता येतो. म्हणून तुम्हाला चारच पट्ट्या भरलेल्या दिसतात, मशीन आठचं असो की चौसष्टचं.

पण मग चार कोअर लागूनही वेळ का वाचत नाही? इथं खरी गंमत आहे. वाटून दिलेला प्रत्येक तुकडा फार छोटा असतो. तो संपला की थ्रेड पुढच्या तुकड्याची वाट बघतो, आणि ती वाट तो झोपून बघत नाही. "आलं का, आलं का" असं विचारत जागच्या जागी गोल फिरत राहतो. एचटॉपला हे फिरणंही कामच वाटतं, म्हणून पट्टी हिरवीगार. हिरवी पट्टी म्हणजे कोअर गुंतलेला आहे, एवढंच. काम पुढं सरकतंय की नाही ते ती सांगत नाही. हमाल घामाघूम झालेला दिसतो, पण पोतं जागेवरच.

हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. एका पानाच्या आज्ञेच्या आधी टाइम हा शब्द लिहा आणि चालवा. शेवटी तीन आकडे येतात: रिअल, युजर, सिस. रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ, युजर म्हणजे सगळ्या कोअरनी मिळून गाळलेला घाम. तुमच्याकडं समजा रिअल २० सेकंद आणि युजर ७० सेकंद आले, तर साडेतीन कोअर राबले. आता टर्मिनलमध्ये ओएमपी थ्रेड लिमिट हे व्हेरिएबल १ वर ठेवा. तिन्ही शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर, आणि सुरुवातीला एक्स्पोर्ट लावायला विसरू नका. तेच पान पुन्हा चालवा. समजा आता रिअल २४ आणि युजरही २४ आले. याचा अर्थ, आधी ७० सेकंदांचा घाम गाळून तुम्ही घड्याळावरचे फक्त चार सेकंद वाचवत होता. एकच कोअर तेच पान २४ सेकंदांत निमूट करतो आणि बाकीचे सात कोअर दुसऱ्या पानांसाठी मोकळे राहतात.

तेव्हा एक पान आठ जणांत वाटायचं नाही. आठ पानं आठ जणांना द्यायची. तुमच्या पानांचा एकमेकांशी काही संबंध नाही, १९५७ च्या अंकाला १९६३ च्या अंकासाठी थांबायचं कारण नाही. या कामात काटाच नाही! हिशोब करा: १२,००० पानं गुणिले २० सेकंद म्हणजे २,४०,००० सेकंद, म्हणजे जवळपास ६७ तास. तेच आठ-आठ पानं एकदम, पानाला २४ सेकंद धरले तरी ३६,००० सेकंद, म्हणजे १० तास. प्रत्यक्षात थोडं जास्त लागेल, का ते पुढं सांगतो.

वाटून द्यायला ग्नू पॅरलल हे साधन वापरा. उबुंटूच्या भांडारात ते आहे. त्याला पानांची यादी द्यायची, उणे जे लिहून पुढं ८ हा आकडा द्यायचा आणि टेसरॅक्टची आज्ञा लिहायची. खुरपणीत पात लागते तसं हे चालतं. ज्या बाईची पात संपली तिनं पुढची धरायची, शेजारणीची संपायची वाट बघत बांधावर बसायचं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण बरेच जण पानांचे आठ समान गठ्ठे करतात आणि आठ टर्मिनल उघडतात. एका गठ्ठ्यात जाहिरातींची मोकळी पानं येतात, दुसऱ्यात बारीक टाइपाचे दोन-दोन रकाने. पहाटे तीनला सात कोअर रिकामे आणि एक अजून राबतोय, हे मी पाहिलंय. हल्लीच्या काही प्रोसेसरमध्ये कोअरच दोन जातींचे असतात. इंटेलच्या आय५-१२३५यू या लॅपटॉपच्या चिपमध्ये दोन दांडगे आणि आठ लहान कोअर आहेत. तिथं तर समान गठ्ठे म्हणजे पैलवान आणि शाळकरी पोर यांना सारखीच पोती देणं.

आपल्याकडं दुसरी काळजी विजेची. पॅरललला उणे उणे जॉबलॉग लिहून एका फाइलचं नाव द्या. झालेलं प्रत्येक पान तो तिथं नोंदवतो. मध्येच लाइट गेली आणि यूपीएसनं मान टाकली, तर पुन्हा सुरू करताना तीच आज्ञा द्यायची आणि उणे उणे रिझ्यूम जोडायचं. झालेली पानं सोडून तो पुढं जातो, अर्धवट राहिलेली पुन्हा करतो. एक खाच आहे, ती लक्षात ठेवा. तो पानं नावानं ओळखत नाही, यादीतल्या क्रमांकानं ओळखतो. म्हणून यादी आधी एका फाइलमध्ये काढून ठेवा आणि काम संपेपर्यंत तिच्यात ओळ घालू नका, काढू नका. मध्ये चार नवी पानं घुसवलीत तर सगळे क्रमांक सरकतात आणि कोणती पानं राहिली ते शोधत बसावं लागतं.

तुम्हाला शेवटी प्रत्येक अंकाची शोधता येणारी पीडीएफच हवी असेल, तर ओसीआरमायपीडीएफ हे साधन बघा. ते आतून टेसरॅक्टच चालवतं, पण पानं कोअरवर स्वतःच वाटतं.

आठ लिहू की सोळा, हा पुढचा प्रश्न येणारच. किती कामं एकदम चालू शकतात ते सांगणारी एनप्रॉक ही आज्ञा तुम्हाला १६ सांगेल, कारण तुमच्या प्रत्येक कोअरमध्ये दोन थ्रेड आहेत. एका चुलीवर दोघी जावा भाकरी करतात तसं ते असतं. एकीची थापून होते तोवर दुसरीची तव्यावर, म्हणून चूल रिकामी राहत नाही आणि एकूण भाकरी थोड्या जास्त होतात. पण दोघींच्या भाकरी एकदम थापून झाल्या तर तवा एकच. ओसीआरसारख्या सतत गणित करणाऱ्या कामात सोळा लावून दुप्पट वेग मिळत नाही, कधी थोडा फायदा होतो, कधी नुकसानच. शंभर पानं घ्या, ८, १०, १२ आणि १६ असे चार वेळा चालवून घड्याळ बघा. अर्ध्या तासात उत्तर तुमच्याच हातात येईल आणि ते माझ्या अंदाजापेक्षा खरं असेल.

आता भाच्याचा पायथन प्रोग्रॅम. त्यानं थ्रेड वापरलेत असं तुम्ही लिहिलंय, पोरानं मेहनत घेतलीय. पण नेहमीच्या पायथनमध्ये एक जागतिक कुलूप असतं, त्याला जीआयएल म्हणतात. थ्रेड कितीही काढा, एका वेळी ज्याच्या हातात किल्ली तोच पायथनचा कोड चालवतो. काटाच की हा, आणि तोही भाषेच्या पोटात बसवलेला. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत कुलपाशिवायचं पायथन प्रायोगिक म्हणून आलं आणि ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये त्याला अधिकृत आधार मिळाला, पण ते अजून वेगळं घ्यावं लागतं. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. मल्टिप्रोसेसिंग हा विभाग पायथनमध्ये २००८ पासून आहे. तो थ्रेडऐवजी स्वतंत्र प्रक्रिया काढतो, प्रत्येकीचं कुलूप वेगळं. भाच्याला सांगा, त्यातला पूल (कामं वाटून देणारी सोय) वापर, दहा-बारा ओळी बदलतील. त्याहून सोपं म्हणजे प्रोग्रॅम एका वेळी एकच पान घेणारा करायचा आणि वाटायचं काम पुन्हा पॅरललकडं द्यायचं. मी स्वतः हेच करतो. त्यात थ्रेडचा एक शब्दही लिहावा लागत नाही, आणि न लिहिलेल्या ओळीत चूक नसते.

एक मात्र बघा. तो चित्रांसाठी ओपनसीव्ही वापरत असेल तर ओपनसीव्ही आतून स्वतःचे थ्रेड काढतं. आठ प्रक्रिया आणि प्रत्येकीचे सोळा थ्रेड म्हणजे १२८ जण आठ चुलींभोवती. धक्काबुक्कीतच वेळ जातो. ओपनसीव्हीत थ्रेडची संख्या १ वर ठेवता येते, ती ठेवायला सांगा. नमपाय आणि आर या आकडेमोडीच्या साधनांच्या खाली बऱ्याचदा जी ओपनब्लास लायब्ररी असते तिचंही हेच दुखणं आहे आणि औषधही हेच. बाहेरून वाटत असाल तर आतलं वाटप बंद करायचं.

थोडं विषय सोडून सांगतो, कारण कार्यकारिणीत तुम्हाला कोणीतरी विचारेल की फुकटचं सॉफ्टवेअर एवढं पक्कं झालं कसं. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं ते एका प्रोसेसरच्या मशीनवर. एकाहून जास्त प्रोसेसरचा आधार १९९६ च्या २.० आवृत्तीत आला, पण तो कसा? सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठं कुलूप. वाड्यात खोल्या पुष्कळ, पण दिंडीदरवाजाची किल्ली एक. एक जण आत असला की बाकीचे बाहेर. मग वर्षानुवर्षं लोकांनी एकेका खोलीला तिचं वेगळं कुलूप लावत आणलं आणि ते मोठं कुलूप पुरतं निघालं २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत. पंधरा वर्षं लागली. मधल्या काळात, २००२ मध्ये, आरसीयू नावाची एक युक्ती कर्नलमध्ये आली. ती तुम्हाला लगेच कळेल, कारण वाचनालयातली आहे. ग्रंथयादीची वही वाचक चाळत असताना तुम्हाला बदल करायचाय, तर वही हिसकावून घ्यायची नाही. बाजूला बसून नवी वही लिहायची, ती टेबलावर ठेवायची, आणि जुनी वही हातात असलेला शेवटचा वाचक उठला की जुनी रद्दीत. वाचणाऱ्याला कुलूप लागतच नाही. पॉल मॅकेनी हे या युक्तीमागचं मोठं नाव. कोणता प्रोग्रॅम कोणत्या कोअरवर कधी बसवायचा हे ठरवणारा भागही २००७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बदलला गेला. हे सगळं उघड्यावर, वाद घालत, झालेलं काम आहे.

आता आकडा १० तासांहून जास्त का होईल ते. कोअर मोकळे केले की काटा दुसरीकडं सरकतो, आणि तो सहसा या तीन ठिकाणी सापडतो.

पहिली जागा रॅम. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं तर उघडल्यावर २४८० गुणिले ३५०८ ठिपके, म्हणजे साधारण २६ एमबी. प्रोग्रॅम त्याच्या आणखी प्रती करतो, शिवाय भाषेचं मॉडेल. हे गुणिले आठ. तुमच्या १६ जीबीत बसेल, पण ब्राउझरच्या चाळीस खिडक्या बंद करा. रॅम संपली की मशीन डिस्कवर लिहायला लागतं आणि मग आठ कोअर नुसते बसून राहतात. नांदेडला एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला लागलो तेव्हा मी हौसेनं कर्नल कंपाइल करायला, म्हणजे त्याच्या कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवायला, घेतला. ते काम करून देणाऱ्या मेक या साधनाला उणे जे दिलं आणि पुढचा आकडा लिहायला विसरलो. आकडा नसेल तर मेक कसलीच मर्यादा ठेवत नाही, जेवढी कामं दिसतील तेवढी एकदम सुरू करतो. दोन जीबीचं मशीन होतं. माउस हलेना, कीबोर्डवरचे दिवेही लागेनात. शेवटी बटण दाबून बंद केलं, आणि त्याच मशीनवर एका विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट उघडा होता. तो पोरगा पुढं आठ दिवस माझ्याकडं बघतही नव्हता.

दुसरी जागा डिस्क. स्कॅन तुम्ही यूएसबीच्या फिरत्या हार्डडिस्कवर ठेवलेत. आठ प्रक्रिया आठ वेगवेगळ्या फाइली मागायला लागल्या की तिची सुई इकडून तिकडं पळत राहते. हजार-दोन हजार पानांची खेप आतल्या एसएसडीवर उतरवा, चालवा, मजकूर परत न्या.

तिसरी जागा कोणी सांगत नाही, ती म्हणजे आपला उन्हाळा. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. आठही कोअर तासन्‌तास राबले की चिप तापते आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. एरर येत नाही, काही येत नाही, फक्त दुपारचं पान सकाळच्या पानापेक्षा हळू होतं. आमच्या लॅबमध्ये पोरं म्हणायची, "सर, मशीन जेवून झोपलं." सेन्सर्स ही आज्ञा टाकून तापमान बघत चला. मोठी खेप रात्री लावा. पंख्यावरची धूळ महिन्याला ब्रशनं काढा, तुमच्याकडं जुन्या कागदांची धूळ त्यात भरीला आहेच.

आणखी एक चूक, तीही माझीच. पूर्वी असंच एक काम करताना मी आठही प्रक्रियांचा मजकूर एकाच फाइलच्या शेवटी जोडत गेलो. सकाळी उघडून बघतो तर एका कथेच्या मध्येच बियाणांची जाहिरात, जाहिरातीच्या मध्ये संपादकीयाची अर्धी ओळ. आठ जण एकाच वहीत एकदम लिहायला लागले तर दुसरं काय होणार. प्रत्येक पानाची फाइल वेगळी ठेवा, नाव पानाच्या क्रमांकावरून द्या, शेवटी क्रमानं जोडा. एकाच ठिकाणी हवं असेल तर पॅरललला उणे के द्या, तो मूळ क्रम राखतो. एक्सार्ग्ज या दुसऱ्या साधनानंही अशी वाटणी होते, पण तो हा क्रम सांभाळत नाही.

तुमच्यासारखाच प्रश्न इतर कामांत पडलेल्यांसाठी भराभर. थ्रीडी चित्रं रेंडर करताना ब्लेंडर सगळे कोअर स्वतःहून वापरतं, काही करू नका. शेताचे ड्रोन नकाशे जीडाल या नकाशांच्या साधनावर चालवणाऱ्यांना थ्रेडची संख्या सगळे सीपीयू अशी मुद्दाम सांगावी लागते, बहुतेक ठिकाणी न सांगता एकच मिळतो. फाइली दाबून लहान करणारं जीझिप एका कोअरवर चालतं, त्याच्या जागी पिगझ घ्या. पोस्टग्रेस हा डेटाबेस २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून एक मोठी क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, अनेक कोअरवर वाटू शकतो. मारियाडीबी या डेटाबेसात एका क्वेरीला साधारणपणे एकच कोअर मिळतो, पण वीस जण एकदम जोडलेले असतील तर त्यांची कामं असतील तेवढ्या कोअरवर वाटली जातात. संस्थेच्या हिशोबाचा एकच मोठा अहवाल अडकत असेल तर तिथं कोअर वाढवून उपयोग नाही, इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची अनुक्रमणिका, बघा.

लायसन्सचं सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही, हा निर्णय ओळखीच्या अचूकतेवर घ्या. तुमच्या मासिकांतली शंभर पानं दोन्हीकडून काढून चुका मोजा आणि मग ठरवा. वेगासाठी घेऊ नका, वेग तुमच्याकडं आधीच आहे. आणि घेतलंच तर करार नीट वाचा. काही मालकीची सॉफ्टवेअरं, विशेषतः मोठे डेटाबेस, कोअर मोजून पैसे घेतात. तिथं आठ कोअरचं मशीन म्हणजे आठ पट वेग नाही, बिलच फुगतं.

खर्च करायचाच असेल तर एक सुचवतो. तुम्ही पाठवलेल्या बिलावर १६ जीबीची एकच रॅम पट्टी दिसते. तशीच दुसरी बसवली की प्रोसेसरला रॅमकडं जायला एकाऐवजी दोन रस्ते होतात, आठ कोअर एकदम राबताना तो फरक पडतो. दुकानात जाताना आत्ताची पट्टी काढून बरोबर न्या, वेग आणि व्होल्टेज जुळणारीच मागा, आणि बसवताना मदरबोर्डच्या पुस्तिकेत कोणत्या दोन खाचा जोडीच्या आहेत ते बघा. बऱ्याच बोर्डांवर त्या शेजारी-शेजारी नसतात, एक सोडून एक असतात.